एकरी एक वाळकं झाड



शेती विभागाकडून या पानावर जे येते त्याचे विषय आता आपणांस पाठ झाले असतील. लागणीची नोंद, बेणेबदल, खताचे हप्ते, ठिबक, हुमणी आणि पाचट. आज विषय थोडा वेगळा आहे. वाचून काही सभासद हसतील, हेही मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात गट ऑफिसात मी हा विषय काढला तर एक आबा म्हणाले, "साहेब, आता वाळल्या झाडालाबी पाणी पाजायचं का?" नाही आबा, पाणी पाजायचे नाही. काहीच करायचे नाही. फक्त ते तोडायचे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे.

सुरुवात पाचटापासून करतो. डिप्लोमा घेऊन २००३ साली मी या कामात रुजू झालो. त्या वेळी तोड झाली की आठ दिवसांत फड पेटायचा. "काडी लावली की रान मोकळं" ही आपली पद्धत. एकरी तीन-चार टन पाचट धुरात जायचे आणि तोच शेतकरी पुढे सेंद्रिय खतासाठी ट्रॉली शोधत फिरायचा. पाचट कुजवा म्हणून सांगताना आम्ही शिव्याही खाल्ल्या. "पाचटात उंदीर होतील, खोडवा फुटणार नाही" असे म्हणणारेच आज सरीत पाचट ठेवून पाण्याची पाळी वाचवतात. मेलेली वस्तू म्हणजे टाकाऊ वस्तू नव्हे, हे पाचटाच्या बाबतीत आपण मान्य केले. झाडाच्या बाबतीत मात्र अजून केलेले नाही. झाड वाळले की दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड.

यात मी स्वतः धुतल्या तांदळासारखा नाही, हे आधीच कबूल करतो. काही वर्षांपूर्वी ओढ्याकाठच्या एका प्लॉटला भेट दिली. बांधावर उंबराचे जुने वाळके खोड उभे होते. वर फांदी नाही, पान नाही, मध्ये मोठी ढोली. मी सभासदाला म्हणालो, "मामा, हे काढून टाका. बांध साफ दिसला पाहिजे." माझ्या शब्दाला मान देऊन त्यांनी ते पाडले. पाडल्यावर ढोलीतून गव्हाणी घुबडाची तीन पिल्ले निघाली. दोन जागीच मेली, एक संध्याकाळपर्यंत जगले. ढोलीच्या तळाशी घमेलेभर हाडे आणि केस होते. उंदरांच्या कवट्याच कवट्या. मामा काही बोलले नाहीत. घरी जाताना एवढेच म्हणाले, "साहेब, हे आपलं काम करत हुतं की वो."

पुढच्या हंगामात त्या शिवारात उंदरांनी ऊस कुरतडल्याच्या तक्रारी आल्या. त्या उंबरामुळेच आल्या असा दावा मी करणार नाही. उंदीर वाढायला लोळलेला ऊस, न काढलेले तण, पाऊसमान, अशी दहा कारणे असतात. पण ज्या जोडप्याने रात्रभर उंदीर टिपून पिल्लांना आणले, त्याचे घर माझ्या सांगण्यावरून गेले, हे खरे आहे. तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही. त्यावर जे वाचले, जे पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

वाळक्या झाडात राहते कोण?

आपल्याला वाटते की झाड मेले म्हणजे संपले. प्रत्यक्षात त्याच्या नोकरीचा दुसरा भाग तेव्हा सुरू होतो. सुतार पक्षी मऊ झालेल्या लाकडात बीळ कोरतो. पुढच्या सालात तो तेथे राहीलच असे नाही. मग रिकाम्या खोलीत भाडेकरू येतात : साळुंकी, पोपट, पिंगळा. तांबट, म्हणजे उन्हाळ्यात टुक-टुक करणारा तो छोटा हिरवा पक्षी, वाळक्या फांदीतच घर कोरतो. सातेरी मधमाशी पोकळ खोडात पोळी बांधते. तुरीच्या फुलावर घोंगावणारा काळा मोठा भुंगा वाळक्या लाकडाला भोक पाडून आत अंडी घालतो. डोंगराकडे राखी धनेशासारखे पक्षी जुन्या झाडाच्या ढोलीशिवाय पिल्ले वाढवूच शकत नाहीत. खाली पडलेल्या ओंडक्याखाली गोम, सरडा, पाल, बेडूक. ओंडक्यावर अळंबी आणि बुरशी. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात सडक्या लाकडावरची बुरशी रात्री मंद उजेड देते, हे आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल.

यात शेतकऱ्याचा फायदा काय, असे कोणी विचारील. नांगरामागे चालणारी साळुंकी आठवा. मातीतून वर आलेली हुमणीची अळी ती टिपते, त्याचे बिल ती कारखान्याला लावत नाही. घुबड उंदीर खाते. भुंगा आणि मधमाशी तूर, भोपळा, शेवगा फळवतात. एवढे सगळे बिनपगारी कामगार असताना आपण त्यांच्या चाळी पाडत सुटलो आहोत.

स्वीडनमधले आपले सहकारी बांधव

हा प्रश्न केवळ आपला नाही. जिथे लाकूड हेच पीक आहे, तिथे तो फार मोठा झाला. स्वीडन देशाची दोन-तृतीयांश जमीन जंगलाखाली आहे आणि त्यातले जवळजवळ निम्मे जंगल सामान्य कुटुंबांच्या मालकीचे आहे. दक्षिण स्वीडनमध्ये सोद्रा नावाची जंगलमालकांची सहकारी संस्था आहे. स्थापना १९३८. सभासद पन्नास हजारांहून अधिक. स्वतःच्या लाकूड गिरण्या, स्वतःचे लगद्याचे कारखाने. म्हणजे आपण ऊस घालतो, ते लाकूड घालतात. बाकी गाडा सारखाच.

तिथल्या जंगलाची निगा आपल्या उसासारखी होते. रोप लावायचे, विरळणी करायची, वय झाले की तोडायचे. रोगट, वाकडे, वाळके झाड आधीच बाहेर काढायचे. शंभर वर्षे अशी साफसफाई झाली आणि मग लक्षात आले की जंगल हिरवे आहे पण रिकामे होत चालले आहे. शेजारच्या फिनलंडमधले आकडे पाहा. जंगलातल्या एकूण प्रजातींपैकी चार-पाच हजार, म्हणजे पाचातली एक किंवा चारातली एक, कोणत्या ना कोणत्या रूपाने मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत. जुन्या, न तोडलेल्या जंगलात हेक्टरी ६० ते ९० घनमीटर आणि कुठे कुठे त्याहूनही जास्त मेलेले लाकूड असते. दक्षिण फिनलंडच्या निगा राखलेल्या जंगलात ते पाच घनमीटरच्या आसपास उरले. पांढऱ्या पाठीचा एक सुतार पक्षी, जो वाळक्या पानझाडी वृक्षांतले किडे खातो, तो स्वीडनमधून जवळजवळ नाहीसा झाला. आज तिथे त्याची पिल्ले पिंजऱ्यात वाढवून रानात सोडावी लागतात. ज्याला फुकट ठेवता आले असते, त्याला आता पैसे मोजून परत आणावे लागत आहे. मला यात सर्वांत मोठा धडा दिसतो.

मग त्यांनी काय केले? जंगल तोडणे बंद केले नाही. गिरण्या बंद केल्या नाहीत. कमी खर्चात जास्त लाभ कशात आहे, याचा हिशेब मांडला. वाऱ्याने पडलेले किंवा आपोआप वाळलेले झाड उचलायचे नाही, हा सर्वांत स्वस्त उपायांपैकी एक ठरला, कारण त्या लाकडाला भाव तसाही कमी. दुसरा उपाय असा की तोडीच्या वेळी काही झाडे बुंध्यात न कापता तीन ते पाच मीटर उंचीवर कापायची आणि खुंट उभा ठेवायचा. त्यासाठी सरळ, किमती झाड घ्यायचे नाही. वाकडे, पोकळ, किडके घ्यायचे. तिसरा उपाय म्हणजे खडकाळ, दलदलीचा, जिथे उत्पन्नच कमी, असा तुकडा कायमचा राखून ठेवायचा. चांगल्या जमिनीवरची चांगली झाडे आणखी पंचवीस-तीस वर्षे राखणे हा उपायही आहे, पण तो महाग पडतो. प्रमाणपत्र घेणाऱ्या जंगलमालकांना तिथे तोडीच्या जागी हेक्टरी सरासरी तीन उंच खुंट किंवा साल काढून वाळवलेली झाडे ठेवावी लागतात. हेक्टरी तीन म्हणजे आपल्या हिशेबाने एकरी एक, फार तर सव्वा. या लेखाचे शीर्षक तिथून आले आहे.

त्यांचेच आकडे आपल्याला तंतोतंत लागू होतील असे नाही. तिथे थंडी, लाकूड कुजायला कित्येक दशके लागतात. आपल्याकडे ऊन, पाऊस आणि वाळवी मिळून ते काम फार लवकर उरकतात. म्हणून आपल्याकडे एकदा ठेवले आणि विसरले असे चालणार नाही. एक पडले की दुसरे तयार पाहिजे.

आपल्या रानात काय करता येईल?

आपल्या कार्यक्षेत्रात डोंगराकडच्या सभासदांची मालकी राने आहेत. दहा-पंधरा वर्षांनी ठेकेदार येतो, ऐन, किंजळ, जांभूळ सगळे उभे रान सरसकट घेऊन जातो. सपाटीच्या सभासदांचे बांध आणि ओढेकाठ आहेत. गावाची गायराने आहेत, सामाजिक वनीकरणाची लागवड आहे. या सगळ्यांसाठी चार गोष्टी सुचवतो. स्वस्तातली आधी.

पहिली : बुडखे उकरू नका. मालकी रान तुटल्यावर जे.सी.बी. लावून मुळासकट बुडखे काढण्याची नवी खोड लागली आहे. जिथे पीक घ्यायचे नाही तिथे हे कशाला? डिझेल जाते, उतारावरची माती वाहते आणि ऐन-किंजळाला फुटणारे नवे धुमारेही जातात. हा उपाय फुकटाहूनही स्वस्त, कारण खर्चच वाचतो.

दुसरी : जे आपोआप वाळले ते उभे ठेवा, जे पडले ते पडू द्या. पोकळ खोडाला ठेकेदार तसाही भाव देत नाही. सौद्याच्या वेळीच सांगा, "ही दोन झाडं व्यवहारात नाहीत." जितके खोड जाड तितके ते मोलाचे, कारण ढोली जाड खोडातच होते.

तिसरी : तोडीच्या वेळी एकरी एक वाकडे, किडके झाड मागे ठेवा. स्वीडनमध्ये उंचावरचा काप यंत्र घेते. आपल्याकडे शिडीवर चढून साखळी करवत चालवण्याचे धाडस कोणी करू नये. एका खुंटासाठी माणूस जायचा. त्यापेक्षा आख्खे झाडच ठेवा, आपोआप म्हातारे होऊ द्या. मुद्दाम साल काढून झाड वाळवायचे असेल तर ऑस्ट्रेलियन बाभळीसारखे परके झाड निवडा, देशी नको. आणि झाडतोडीबाबत १९६४ चा कायदा आहे, तेव्हा काहीही करण्यापूर्वी परवानगी लागते का ते विचारून घ्या.

चौथी : रानाचा एक कोपरा, नाल्याचा, खडकाचा, चढाचा, कायमचा सोडून द्या. आपल्या वाडवडिलांनी हेच केले होते. त्याला देवराई म्हणत. सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला. कित्येक देवरायांत पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही असा दंडक होता. आपण त्याला अंधश्रद्धा म्हणून हसलो. देवाची भीती गेली तर जाऊ द्या, पण तिच्यामागचा हिशेब जाऊ देऊ नका.

शंका आणि खरी अडचण

"लाकूड ठेवलं की हुमणी वाढंल." ही शंका हमखास येणार. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर कडुलिंब, बाभूळ, बोर यांचा हिरवा पाला खातात आणि मातीत अंडी घालतात. अळी मुळे खाते. उभ्या वाळक्या खोडात तिचे काही काम नाही. उकिरड्यात किंवा कुजक्या ओंडक्यात जाड पांढरी अळी दिसली की आपण तिला हुमणी म्हणतो, ती बहुतेक दुसऱ्याच भुंग्याची असते. मात्र एक अपवाद लक्षात ठेवा. मेलेला नारळ ठेवू नका. त्याच्या कुजक्या खोडात गेंडा भुंगा वाढतो आणि शेजारची चांगली माडे खातो. तसेच खोडकिड्याने पोखरलेले आंब्याचे झाड बागेत ठेवू नका. स्वीडनलाही असा अपवाद करावा लागला. जानेवारी २००५ च्या वादळात दक्षिण स्वीडनमध्ये सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवे झाले आणि पाठोपाठ साल पोखरणारा भुंगेरा माजला. ताज्या पडलेल्या स्प्रूस झाडांवर तिथे कायद्याने हेक्टरी पाच घनमीटरची मर्यादा आहे. म्हणजे डोळे मिटून सगळे ठेवा असे कोणीच म्हणत नाही.

वाळवीची शंका रास्त आहे. हलक्या मुरमाड रानात आणि पाण्याच्या ताणात वाळवी कांडी खाते. म्हणून लाकूड सरीत किंवा बेणे प्लॉटलगत नको. ओढ्याकाठी, पडीक जागी, डोंगरात असावे. वस्तीवर, रस्त्याकडेला, विजेच्या तारेखाली, बैल बांधतो तिथे वाळके झाड ठेवणे म्हणजे संकट, ते काढलेच पाहिजे. आणि वणवा लागला तर हे सगळे एका रात्रीत राख होईल. म्हणून ज्याला वाळके झाड ठेवायचे त्याने गवत वाळायच्या आत जाळरेषा काढलीच पाहिजे.

घुबड अपशकुनी असे म्हणणाऱ्यांना मी त्या ढोलीतल्या उंदरांच्या कवट्या दाखवल्या असत्या. आणखी काय बोलणार?

खरी अडचण सरपणाची आहे. ती साहेबाच्या लेखाने सुटत नाही. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत घरोघरी गॅस आला, पण टाकी संपली की पुन्हा चूल पेटते. अंघोळीचे पाणी आजही बऱ्याच घरी लाकडावर तापते. तोडकरी टोळ्यांच्या कोपीपुढे तीन दगडांची चूल असते. त्यांना "लाकूड आणू नका" म्हणणारा मी कोण? एका मावशींनी यावर मला सरळ तोड सांगितली. त्या म्हणाल्या, "जाड लाकूड आम्हांला फोडवत कुठं? आम्ही न्यायची ती काटकी." मला हे पटले. मनगटापेक्षा बारीक ते चुलीला, मांडीपेक्षा जाड ते रानाला. मधले ज्याच्या त्याच्या गरजेवर. जाड खोड तोडतो तो बहुधा ठेकेदार किंवा बांध साफ करणारा आपणच. भांडण गरीब बाईच्या मोळीशी नाही, हे स्पष्ट असावे.

एक सूचना

हे माझे वैयक्तिक मत आहे, शेती विभागाचे परिपत्रक नव्हे. तरीही संचालक मंडळापुढे आणि आपणांपुढे दोन सूचना ठेवतो. एक, सुरुवात कारखान्याने स्वतःपासून करावी. कारखान्याच्या जागेतील लागवडीत जी झाडे वाळली आहेत आणि इमारत, रस्ता, तारा यांपासून दूर आहेत, ती लिलावातून वगळावीत. दोन, ऊस नोंदीला आमचा माणूस आपल्या बांधावर येतो, तेव्हा ठेवण्यासारखे वाळके झाड त्याला दाखवावे. त्यावर चुन्याचा एक पट्टा मारू. पट्टा असलेल्या झाडाला टोळीने, ठेकेदाराने, कोणी हात लावायचा नाही. खर्च म्हणाल तर मूठभर चुना. पाच वर्षांनी त्या झाडांना किती बिळे पडली, कोण राहायला आले, याची मोजदाद शाळेतली पोरेसुद्धा करतील.

गेल्या उन्हाळ्यात त्याच मामांच्या ओढ्याकाठी गेलो होतो. उंबराच्या जागेपासून पन्नास पावलांवर करंजाचे एक झाड वाळले आहे. मी काही बोललो नाही. मामाच म्हणाले, "न्हाई तोडत साहेब. तुम्ही सांगितलंसा तरी न्हाई तोडत." या नोकरीत सभासदाने माझा सल्ला आधीच धुडकावून लावल्याचा आनंद मला पहिल्यांदाच झाला.

असो. खोडव्यात पाचट ठेवाच, आणि बांधाच्या टोकाला एक वाळकं झाड उभं राहू द्या.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग